तपकीर गल्लीत न मिळणारा रंग

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की पुण्याच्या तपकीर गल्लीत माणूस आपल्या पायांनी चालत नाही. गर्दीच त्याला नेते आणि तिच्या मनाला येईल त्या दुकानापुढे ठेवून देते. मला तिनं ठेवलं ते दिव्यांच्या पट्ट्यांच्या दुकानापुढे. खरं तर मी आकाशकंदिलासाठी एक साधा पिवळा बल्ब आणायला गेलो होतो. आमच्याकडचा कंदील माझ्या हातचा, कामट्यांचा. आणि कामट्यांच्या कंदिलाच्या पोटात पिवळाच दिवा हवा, हे आईचं जुनं फर्मान. काउंटरमागच्या पोरसवद्या मुलानं माझं ऐकून घेतलं आणि रेडिओला अजून ट्रान्झिस्टर म्हणणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. “काका, एकच रंग कशाला? आरजीबी पट्टी घ्या. पाच मीटर, अ‍ॅडॉप्टर, रिमोट, सगळं आलं. लाल, हिरवा, निळा. त्यातून पाहिजे तो रंग बनवा.” मी विचारलं, “पिवळा होतो का?” “काका, तुम्ही नाव घ्याल तो होतो.” एवढा उदार वर मला याआधी कोणी दिला नव्हता. मी पैसे दिले.

त्या गल्लीचं नाव घेतलं की मला दिव्यांच्या आधी आजोबांची पितळी डबी आठवते. जानव्याच्या किल्लीइतकीच ती त्यांच्या अंगाशी जडलेली असायची. झाकणावर दोनदा टिचकी, मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत येणारी ती मऊसूत भुकटी, मग एक दीर्घ श्वास आणि सगळं घर ज्याची वाट पाही ती शिंक. धोतराच्या सोग्यावर, पंचांगाच्या पानांवर, माझ्या पाटीच्या लाकडी चौकटीवर त्यांच्या बोटांचे पुसट ठसे असत. आपल्या भाषेनंही त्या रंगाला नाव द्यायला फार लांब जायचे कष्ट घेतले नाहीत. तपकिरीचा तो तपकिरी.

घरी येऊन पट्टी जेवणाच्या टेबलावर सोडली तेव्हा ती वाळत घातलेल्या कुरडईसारखी स्वतःभोवती वेटोळं घालून बसली. रिमोट व्हिजिटिंग कार्डाएवढा आणि चोवीस बटणांचा. चार बटणं चालू-बंद आणि कमी-जास्त करायची, चार दिव्यांना नाचवायची आणि उरलेली सोळा रंगांची. उजेड अगदी मंद करून मी भिंगातून पाहिलं. पट्टीवरचा एकेक चौकोन जेमतेम पाच मिलिमीटरचा, आणि त्याच्या पोटात राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक असे तीन ठिपके. लाल, हिरवा, निळा. एका खोलीत राहणारे तीन बिऱ्हाडकरू, पण बाहेर लावलेली पाटी एकच. लहानपणी टीव्हीच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की त्या थेंबात असेच रंगीत कण दिसायचे आणि आपण काहीतरी गुपित पाहिलं म्हणून मी पटकन थेंब पुसून टाकायचो. ते गुपित हेच होतं, फक्त आता ते मीटरवर विकत मिळतं.

मंद करण्यावरून सांगायला हवं. हा दिवा खऱ्या अर्थानं मंद होतच नाही. तो जळतो तेव्हा पूर्ण जळतो, नाहीतर पूर्ण विझतो. हा खेळ सेकंदाला शेकडो वेळा चालतो, आणि विझलेला वेळ वाढवला की आपल्याला दिवा मंदावला असं वाटतं. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ विश्रांती, पण अशा चपळाईनं की साहेबाला पत्ता लागू नये. मी तीस वर्षं कचेरीत काढली. हे तंत्र कोणाला तरी यंत्रात बसवता आलं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

मग मी लाल आणि हिरवा एकत्र लावले.

इथं शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना मध्ये आणणं भाग आहे. सरांनी आम्हाला एक गोष्ट छडीच्या धाकावर शिकवली होती. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, तांबड्यात पिवळा मिसळला की नारिंगी. आणि तांबड्यात हिरवा मिसळला तर होतो तो चिखल, आणि चिखल करणाऱ्याला मिळतात दहापैकी दोन. माझ्या निसर्गचित्रातल्या आंब्याच्या झाडाला एकदा घाईघाईत तांबडा ब्रश लागला होता. ते दोन गुण मी अजून विसरलेलो नाही. आणि आता माझ्या डोळ्यांसमोर, बटर पेपरच्या मागे, तोच तांबडा आणि तोच हिरवा एकमेकांत मिसळून स्वच्छ, सोनेरी, झेंडूच्या पाकळीसारखा पिवळा होऊन बसले होते. त्यात निळा सोडला तर सगळंच पांढरं झालं. चिखलाचा मागमूस नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण चाळीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर पत्रं टाकत आल्याचं कळावं तसं काहीतरी झालं.

सर चुकले नव्हते. रंगपेटीतले रंग जेवायला बसलेले असतात आणि दिवे वाढायला उभे असतात, एवढाच काय तो फरक. कागदावरचा तांबडा म्हणजे पांढऱ्या उजेडातला हिरवा-निळा भाग खाऊन टाकून उरलेला तांबडा पानात ठेवणारा पाहुणा. हिरवा तांबडं-निळं खातो. दोघांना एका पंगतीला बसवा, ताटात काही उरत नाही, आणि त्या रिकाम्या ताटाचं नाव चिखल. दिव्यांचं उलट. प्रत्येक जण आपलं पातेलं घेऊन येतो आणि पानात भर घालतो. जितके वाढपी, तितकं पान भरलेलं. सरांनी पंगतीची एकच बाजू शिकवली होती, आणि त्या काळी शाळेत दुसरी बाजू दाखवायला दिवे तरी कुठे होते?

पण खरी गंमत पुढे आहे. त्या पिवळ्यात पिवळा नसतो. माझ्याकडे नाट्यसंगीताची एक सीडी आहे, ती वाजवायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलं. पुठ्ठ्याला बारीक फट पाडून तिच्यातून येणारा तो पिवळा उजेड मी सीडीच्या चकचकीत बाजूवर धरला. सीडीनं त्याची फोड करून दाखवली: इकडे एक लाल पट्टा, तिकडे एक हिरवा पट्टा, आणि मध्ये, जिथं पिवळ्यानं बसायला हवं, तिथं काळोख. म्हणजे पिवळा कुठं होता? आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या पेशी असतात. त्यांपैकी एक साधारण तांबड्याकडे कललेली, एक हिरव्याकडे आणि एक निळ्याकडे. पहिल्या दोघींनी एकाच वेळी ‘आलंय’ असा निरोप वर धाडला की वरचा कारकून दप्तरात ‘पिवळा’ अशी नोंद करून मोकळा होतो. खरा पिवळा आला होता की तांबडा-हिरवा जोडीनं येऊन त्याच्या नावावर सही करून गेले, याची तो चौकशी करत नाही. इतका ढिसाळ कारभार असूनही आपल्याला वरण पिवळं दिसतं आणि आपण कृतज्ञतेनं जेवतो.

डोळ्यात तीनच प्रकारचे निरोपे असावेत, हा अंदाज थॉमस यंग यानं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी केला. त्याचा पाठपुरावा जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं केला. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं चौकटीच्या कापडाच्या एका फितीचे तीन फोटो दाखवले. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेले ते तीन फोटो त्याच रंगांच्या उजेडात पडद्यावर एकावर एक पाडले आणि फीत रंगीत दिसली. पहिलं रंगीत छायाचित्र म्हणून हा प्रयोग इतिहासात गेला. पुढे शंभर वर्षांनी कोणीतरी विचार केला की त्या काळच्या काचांवरच्या रसायनाला तर तांबडा उजेड दिसतच नव्हता, मग तांबडा भाग उमटला कसा? उत्तर असं निघालं की फितीतला तांबडा रंग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि तांबड्या गाळणीतून तेच गुपचूप आत शिरले होते. म्हणजे मॅक्सवेलचं गणित बरोबर, उत्तर बरोबर, फक्त मधली पायरी चुकलेली. सरांनी याला किती गुण दिले असते, कोणास ठाऊक.

आमच्या लहानपणी विजेच्या या बारक्या दिव्यांत लाल होता आणि हिरवा होता. टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकला की घरात विज्ञान आल्यासारखं वाटायचं. निळा मात्र कधी दिसला नाही आणि तो का दिसत नाही, असा प्रश्नही आम्हाला पडला नाही. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याकनं १९६२ साली केला. लख्ख निळा मिळायला १९९०चं दशक उजाडावं लागलं, कारण तो ज्या गॅलियम नायट्राइडमधून निघतो त्याचे नीट स्फटिक कोणाला वठत नव्हते. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते वठवले आणि २०१४ साली त्यांना नोबेल मिळालं. तीस वर्षं एका रंगानं सगळ्या जगाला तिष्ठत ठेवलं. निळ्याशिवाय पांढरा नाही, म्हणून घराघरांतला एलईडीचा उजेडही तोवर अडला होता.

त्या तीस वर्षांत आमच्या गावच्या गणपतीपुढे निळा कुठून यायचा? जिलेटीनच्या कागदातून. चार रंगांचे जिलेटीन कागद लावलेलं एक चाक फोकसपुढे फिरत असे आणि मूर्ती क्रमाक्रमानं लाल, पिवळी, हिरवी, निळी होई. एका वर्षी चाकाची मोटर आरतीच्या ऐन वेळी हिरव्यावर अडली. गणपती हिरवा, समई हिरवी, पुढच्या रांगेतल्या काकवा हिरव्या. कोणी हसलं नाही. आरती झाल्यावर एका काकांनी मोदक तोंडात टाकून हातानंच चाक फिरवायला घेतलं आणि विसर्जनापर्यंत ते काम त्यांच्याकडेच राहिलं. आपल्याला पाहिजे तो रंग आणता येतो, ही सत्ता माणसाच्या चेहऱ्यावर कशी दिसते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आता रिमोट हातात घेतल्यावर माझा चेहरा तसाच दिसतो, असं आमच्या घरातून सांगण्यात आलं आहे.

घरातून म्हणजे बायकोकडून. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदे ओढून मी लाल दिव्यात बसलो असताना तिनं पोह्यांची बशी आणून ठेवली. लाल उजेडात पोहे पाहावेत, अशी माझी तुम्हाला शिफारस आहे. हळद गायब होते, कारण पिवळं आणि पांढरं दोन्ही तांबडा उजेड सारखाच परतवतात. पोहे आणि वरचं खोबरं एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. कोथिंबीर कोळशाच्या कपच्यांसारखी काळी. कढीपत्ता काळा. आणि मिरचीही काळी, हे मला जरा उशिरा कळलं. मी पाण्यासाठी धडपडत असताना बायको म्हणाली, “अहो, आता जरा माणसांचा दिवा लावा.”

सावल्यांचा प्रयोग तिलाही आवडला. लाल, हिरवा आणि निळा असे तीन सुटे रंगीत बल्ब भिंतीपासून दूर, वीतभर अंतरानं मांडले. तिन्ही लागले तेव्हा भिंत जवळजवळ पांढरी. मग तिनं मध्ये हात धरला आणि भिंतीवर तीन हात उमटले, पण काळा एकही नाही. जिथं निळा अडला तिथं तांबडा-हिरव्याचा पिवळा हात. जिथं तांबडा अडला तिथं उथळ समुद्रासारखा निळा-हिरवा. जिथं हिरवा अडला तिथं राणी रंगाचा. बांगड्यांच्या सावल्याही त्याच रंगांच्या. तिनं बोटं हलवली तेव्हा सावल्या एकमेकींत शिरल्या आणि जिथं तिन्ही भेटल्या तिथंच काय तो काळोख. राणी रंगाच्या हाताकडे ती बराच वेळ पाहत राहिली. हा रंग इंद्रधनुष्यात नाही. तांबडा एका टोकाला, निळा-जांभळा दुसऱ्या टोकाला; दोघांची गाठ धनुष्यात पडतच नाही, ती पडते फक्त आपल्या डोक्यात. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, “इंद्रधनुष्यात नसेल, लक्ष्मी रोडवर भरपूर आहे.” आणि कपाटातून आईची जुनी धूपछाँव पैठणी काढून आणली. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हलवलं की रंग बदलतो आणि दुरून दोघांचा मिळून एक तिसराच भासतो. विणकरांच्या दृष्टीनं यात नोबेल देण्यासारखं काही नसावं.

मग तिनं मला कामाला लावलं. “बघू, आमसुली करा.” झाला नाही. “बरं, विटकरी?” नाही. “कथ्थई? बदामी? निदान तपकिरी तरी?” साड्यांच्या दुकानातली ही निम्मी स्वयंपाकघरातून आलेली नावं ती एकेक करून माझ्यापुढे ठेवत गेली आणि माझे सोळा रंग एकेक करून माघार घेत गेले. लाल भरपूर आणि हिरवा थोडा घेतला की नारिंगी होतो. आता तपकिरी म्हणजे गडद नारिंगी, हे मलाही कळत होतं, म्हणून मी नारिंगी उतरवत नेला. तो तपकिरी होईना. कमी केला तर मंद नारिंगी, आणखी कमी केला तर राखेखालच्या निखाऱ्यासारखा नारिंगी, आणि त्याहून कमी केला तर विझला. मी चकाकी टाळायला बुटांचं एक खोकं घेतलं, आतून काळा कागद लावला, पुढच्या झाकणावर पांढराशुभ्र कार्डशीट डकवला आणि मध्ये रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं. दिवे आत, उजेड बटर पेपरवर, डोळा बाहेर. पडदे ओढलेले. दोन संध्याकाळी मी त्या खोक्यासमोर, मुंग्यांचं वारूळ पाहत बसलेल्या पोरासारखा बसून होतो. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. ‘तुम्ही नाव घ्याल तो होतो’ म्हणणाऱ्या मुलाकडे परत जाऊन, तपकीर गल्लीत उभं राहून, तपकिरी मिळत नाही अशी तक्रार करायची, हे वाक्य मी मनात दोनदा घोळवून पाहिलं. दोन्ही वेळा ते मला पूर्ण करता आलं नाही.

सहाव्या दिवशी आई आली. तिला आता वस्तू चाचपत चालावं लागतं. दारातूनच म्हणाली, “अरे, तिन्हीसांजेला अंधारात कसला बसलायस?” आणि भिंतीवरचं बटण चाचपून तिनं ट्यूब लावली.

मी बंद कर म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. झाकणावरचा पांढरा कार्डशीट ट्यूबच्या उजेडात झळझळीत उजळला होता. त्याच्या मधोमध भोकातला तो उतरवलेला नारिंगी, ज्याला मी बोटही लावलं नव्हतं, तपकिरी झाला होता. मऊ, कोरडा, खराखुरा तपकिरी. मी ट्यूब बंद केली, निखारा. लावली, तपकिरी. आत तेच दोन दिवे, तेवढेच जळत होते. आजूबाजूला अंधार असला की डोळा त्या रंगाला दिवा समजतो, आणि शेजारी त्याच्याहून उजळ पांढरा आला की त्यालाच तो काळवंडलेली वस्तू मानतो. मी दोन दिवस सगळी कसरत खोक्याच्या आत करत होतो.

आई खुर्चीला धरून वाकली. भोकाशी डोळा नेला आणि मग मागे घेऊन नुसतंच पाहत राहिली. “मामंजींच्या डबीतली रे,” ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवली, चिमूट भोकापर्यंत नेली आणि माझं लक्ष आहे असं पाहून पदर सावरला.

कंदील त्याच संध्याकाळी वर चढवला. तिनं खालून मान उंचावून पाहिला आणि पिवळा यंदा चांगला मिळाला म्हणाली. आत लाल आणि हिरवा जळत आहेत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.